फोडणीचा कढीपत्ता आणि अळ्यांचा कढीपत्ता

बाल्कनीत फुलपाखरं यावीत म्हणून माणसं नर्सरीतून झेंडू, पेंटास, एक्झोरा उचलून आणतात. फुलपाखरू येतं, सोंड सोडून मध पितं आणि पुढच्या इमारतीकडे निघून जातं. फुलावर ते फक्त जेवायला येतं. मादी अंडी घालते ती पानावर, आणि तेही ठरावीक झाडांच्याच, कारण तिच्या अळ्यांना दुसरं काही खाता येत नाही. अशा झाडांपैकी एक ठाण्यात काय किंवा नेरूळ-खारघरला काय, बहुतेक घरांत आधीपासून असतं: कढीपत्ता. लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही दोन फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. आपण त्या अळ्या बघतो आणि ‘कीड लागली’ म्हणून चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकतो. त्या ठेवल्या तर साधारण महिन्याभरात बाल्कनीतूनच फुलपाखरू उडतं. ते कसं करायचं, त्यात काय काय बिघडतं आणि का, ते पुढे सांगितलं आहे.

कोण येणार आहे?

लाइम फुलपाखरू काळं असतं आणि त्यावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची दाट नक्षी असते. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी ठिपका असतो, पंखाला शेपटी नसते. पंख पसरले की आठ ते दहा सेंटिमीटर भरतात. शहरात हे वर्षभर दिसतं.

कॉमन मॉरमॉनचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एकच आडवी रांग आणि खाली शेपटी. मादीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ती तीन रूपांत येते. एक रूप नरासारखंच. दुसरं कॉमन रोझ या फुलपाखराची नक्कल करतं आणि तिसरं क्रिमझन रोझची. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना ईश्वरीच्या कुळातले वेल खातात, त्या वेलातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या मादीच्या अंगात विष नाही, तिने फक्त वेष घेतला आहे. कोणती मादी कोणत्या रूपात येणार हे डबलसेक्स नावाच्या एका जनुकावर ठरतं, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. त्यामुळे एकाच कुंडीवर वाढलेल्या दोन अळ्यांमधून दोन निराळ्या दिसणाऱ्या माद्या निघाल्या तर आपली ओळख चुकली असं समजू नका. खरी रोझ आणि नकली रोझ ओळखायची सोपी खूण म्हणजे अंग. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं.

येऊर, पारसिकचा डोंगर किंवा खारघरच्या टेकड्या जवळ असतील आणि सोसायटीत लिंबू किंवा पपनस असेल, तर ब्लू मॉरमॉनही अंडी घालून जाऊ शकतं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं तेच हे. पण त्याच्या आशेवर कुंडी लावू नका. लाइम येईल ही खात्री धरा, बाकीचं नशीब.

कुंडी

एका रोपावर घरची फोडणी आणि अळ्या दोन्ही भागत नाहीत. भांडण नको असेल तर सरळ दोन कुंड्या ठेवा, एक फोडणीची, एक अळ्यांची. अळ्यांची कुंडी बारा इंची तरी हवी, रोप दोन-अडीच फुटांचं आणि तीन-चार फांद्यांचं. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भरड वाळू. कुंडीच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. पावसाळ्यात कढीपत्ता मरतो तो बहुधा मुळाशी पाणी साचून.

ऊन चार-पाच तास तरी लागतं. उत्तरेकडच्या बाल्कनीत रोप जगतं, पण पालवी अशक्त येते, आणि मादीला तर उन्हात चमकणारी कोवळी पालवीच हवी असते. जून, राठ पानं नुकत्याच निघालेल्या अळीच्या जबड्याला पेलत नाहीत. म्हणून पालवी काढायला शिका. फेब्रुवारीच्या शेवटी आणि पुन्हा जूनच्या सुरुवातीला प्रत्येक शेंडा चार ते सहा इंच छाटायचा, एक ओंजळ गांडूळखत द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत फुटवे येतात. डिसेंबर-जानेवारीत छाटू नका, थंडीत रोप हळू वाढतं आणि नुसत्या काड्या उरतात.

नर्सरीतून नवं आणलेलं रोप लगेच अळ्यांना देऊ नका. त्यावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असू शकतं. ते पानाच्या आत उतरतं, त्यामुळे पान धुऊन काही होत नाही. अशी पानं खाल्लेली अळी हिरवं पाणी ओकते, आक्रसते, अंग झटकते आणि एका दिवसात मरते. नवं रोप महिना-दीड महिना बाजूला ठेवा, जुने शेंडे कापून टाका आणि नंतर आलेली पालवीच वापरा. भाजीवाल्याने भाजीबरोबर फुकट दिलेली कढीपत्त्याची जुडी तर अळीला कधीच घालू नका. ती कुठल्या शेतातून आली आणि तिच्यावर काय फवारलं होतं, ते त्यालाही माहीत नसतं.

‘आम्ही फक्त कडुनिंबाचं तेल मारतो’ असं सांगणारे बरेच भेटतात. ते तेल नैसर्गिक आहे, पण अळीला ते मारकच आहे. त्यातला अझाडिरॅक्टिन अळीची भूक घालवतो आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. अळ्यांच्या कुंडीवर पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने किंवा ओल्या कापसाने पुसून काढा. वेळ लागतो, पण दुसरा इलाज नाही.

आता जाळी. कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी लावलेली असते. तिच्या भोकांतून लाइम ये-जा करतं, मोठ्या फुलपाखरांना अडचण होते. कुंडी जाळीला अगदी टेकवून ठेवा आणि एक-दोन फांद्या बाहेर जाऊ द्या, म्हणजे मादीला आत यावंच लागत नाही. ग्रिलच्या डब्यात कुंडी ठेवत असाल तर ती आतल्या बाजूने तारेने बांधा. खालून माणसं जातात.

अंडं शोधणं

सकाळी दहाच्या पुढे ऊन तापलं की कुंडीकडे बघत बसा. नुसतं फिरणारं फुलपाखरू आणि अंडी घालायला आलेली मादी यांच्या उडण्यात फरक असतो. मादी झाडाभोवती घिरट्या घालते, एका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर भराभर टकटक करते आणि उडते. पायांवर चव कळणारे तंतू असतात, त्यांनी ती पान चाखून बघत असते. पसंत पडलं की पंख फडफडतच पोटाचं टोक वाकवून पानाला लावते. एका वेळी एकच अंडं, मग दुसरं पान. ती गेल्यावर तिने जिथे पोट टेकवलं तिथे बघा. कोवळ्या शेंड्यावर किंवा कोवळ्या पानावर बारीक मोहरीएवढा, गुळगुळीत, फिकट पिवळा गोल चिकटलेला दिसेल.

अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. फुटण्याआधी ते गडद होतं आणि आत अळीचं डोकं काळ्या ठिपक्यासारखं दिसू लागतं. पूर्ण करडं-काळं पडून तसंच राहिलेलं अंडं मात्र गेलेलं समजा. त्यात अतिसूक्ष्म गांधीलमाशीने आपलं अंडं घातलेलं असतं. आतून फुलपाखराची अळी निघत नाही, त्या माशीची पिल्लं निघतात.

अंडं नखाने कधीही खरवडू नका, फुटतं. हलवायचंच असेल तर पानासकट कापून आणा.

किती अंडी ठेवायची? अडीच फुटांच्या रोपावर पाच, फार तर सहा. सुरुवातीला ही संख्या हास्यास्पद वाटते, कारण पहिल्या आठवड्यात पानांना काही झाल्याचं दिसतही नाही. पण अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या चार-पाच दिवसांत खाते. दहा अळ्या एकदम मोठ्या झाल्या की दोन दिवसांत नुसत्या शिरा उरतात आणि रात्री अकरा वाजता कढीपत्ता मागत शेजारी फिरावं लागतं. जास्तीची अंडी पानासकट सोसायटीच्या बागेतल्या लिंबाच्या कोवळ्या शेंड्यात अडकवून या. मॉरमॉनच्या अळ्यांना कामिनीचं कुंपणही चालतं. हे अळी निघायच्या आतच करा, कारण एका झाडावर वाढू लागलेली अळी मध्येच दुसऱ्या झाडाचं पान नाकारू शकते, आणि उपाशी राहिलेली लहान अळी फार टिकत नाही.

बाहेर की डब्यात?

दोन्ही करा. काही अळ्या रोपावरच राहू द्या. त्यांतल्या बहुतेक जाणार हे धरून चला. मुंग्या, कोळी, बुलबुल, दयाळ, पाल, सगळ्यांनाच त्या हव्या असतात, आणि त्यात चुकीचं काही नाही. खोडाभोवती, मातीपासून दोन-तीन इंच वर, पेट्रोलियम जेलीचा बोटभर रुंद पट्टा लावला की मुंग्या बऱ्याच थोपतात. फांद्या भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असतील तर पट्ट्याचा उपयोग नाही, मुंग्या तिकडून येतात. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवू नका. तिच्यात डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की ऐकून घ्यावं लागतं.

बाकीच्या अळ्या डब्यात वाढवा, निदान जवळून बघण्यासाठी. एक-दीड लिटरचा पारदर्शक डबा, झाकणाऐवजी तोंडावर सुती मलमल किंवा मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. प्लॅस्टिकचं झाकण घट्ट लावलं की पानांचा ओलावा आत साचतो. ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळी दमटपणात ते एका रात्रीत बुरशीला आमंत्रण ठरतं. तळाला टिश्यू पेपर. कढीपत्त्याची डहाळी औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी भरून उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने पक्कं बुजवा. हे बुजवणं विसरू नका. अळ्या देठावरून खाली उतरतात आणि उघड्या बाटलीत बुडून मरतात. डबा सावलीत, खिडकीजवळ, एसीच्या झोतापासून लांब. थेट उन्हात ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा पंधरा मिनिटांत तापतो.

एका डब्यात तीन अळ्या, जास्त नाही. रोज एकदा टिश्यू बदला, विष्ठेच्या गोळ्या टाकून द्या, डहाळी कोमेजली असेल तर नवी लावा. नवं पान धुतलं तर पूर्ण कोरडं करूनच घाला. जुन्या पानावरची अळी बोटाने ओढू नका. तिने पायांखाली रेशमाची गादी विणलेली असते आणि पाय तिच्यात अडकलेले असतात. अळी ज्या पानावर आहे तेवढा तुकडा कापून नव्या डहाळीवर ठेवा, ती आपण होऊन सरकते. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच डब्यात घाला. तंबाखू किंवा डास पळवायचं मलम लागलेला हात तर लांबच ठेवा.

अळीचे पंधरा-वीस दिवस

अंड्यातून निघाल्यावर अळी आधी अंड्याचं कवच खाते, मग पानाकडे वळते. सुरुवातीला ती तपकिरी-काळी असते आणि पाठीवर पांढरा डाग असतो, म्हणजे थेट पक्ष्याच्या विष्ठेचा वेष. ती पानावर उघड्यावरच बसते, लपत नाही, कारण विष्ठेवर चोच कोण मारणार. चार वेळा कात टाकते. चौथ्या कातीनंतर हा वेष संपतो आणि ती एकदम हिरवीगार होते, अंगावर तिरके पट्टे, पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे डाग. तेवढ्या आकाराची विष्ठा कोणाला खरी वाटली नसती, म्हणून आता पानात मिसळून जाण्याची चाल. खरं डोकं त्या फुगीर भागाच्या खाली, पुढे झुकलेलं असतं. बरेच जण ते डागच डोळे समजतात.

हिरव्या अळीच्या पाठीला वाळक्या काडीने हलकेच स्पर्श करून बघा. डोक्यामागच्या फटीतून नारिंगी-लाल, ओलसर, दोन फाट्यांचा एक अवयव सरकन बाहेर येतो, अळी मान वळवून तो काडीला लावायला बघते आणि क्षणात तो पुन्हा आत ओढून घेते. त्याच्याबरोबर येणारा उग्र, आंबूस वास बोटांना लागला की काही वेळ जात नाही. मुंग्या आणि छोट्या माश्या यानेच पळतात. लहान मुलांना दाखवायला हा प्रकार उत्तम आहे, पण एकदाच. दर पाच मिनिटांनी डिवचलेली अळी खाणं सोडते.

कात टाकायच्या आधी अळी दिवसभर हालत नाही, खात नाही, डोकं किंचित सुजल्यासारखं दिसतं. नवखे लोक याच वेळी ‘मेली वाटतं’ म्हणून तिला हलवतात, आणि पाय रेशमातून सुटले की कात अर्धवट अडकून ती खरंच मरते. रंग टवटवीत असेल तर चोवीस तास हात लावू नका.

खरी आजारी अळी ओळखू येते. ती मऊ, ढिली पडते, रंग मळकट होतो, पातळ विष्ठा होते, आणि शेवटी मागच्या पायांवर लोंबकळून काळ्या पाण्याची पिशवी होते. हा विषाणू किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो, आणि गर्दी, ओलावा व साचलेली विष्ठा यांतून तो पसरतो. ती अळी टिश्यूसकट पिशवीत बांधून टाका, डबा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. त्याच डब्यातल्या बाकीच्या अळ्या वेगवेगळ्या डब्यांत काढा. त्यांच्यावर फार भरवसा मात्र ठेवू नका.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे डासांसाठी होणारी धूर फवारणी. गाडीचा आवाज आला की डबे घरात घेऊन खिडक्या लावायच्या, आणि बाहेरच्या रोपावर दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी मारायचं. त्यातलं औषध डास आणि अळी असा भेद करत नाही.

कोष

शेवटच्या अवस्थेत पोट भरलं की अळी एकदा पातळ, ओली विष्ठा टाकते. हा आजार नाही, पोट रिकामं करणं आहे. फरक एवढाच की आजारी अळी निपचित पडते आणि ही डब्यात सैरावैरा फिरू लागते. या वेळी डब्यात पेन्सिलीएवढी जाड, खरखरीत, वाळकी काडी तिरपी टेकवलेली हवी, आणि तिच्याखाली चार-पाच इंच मोकळी जागा. काडी मिळाली नाही तर अळी गुळगुळीत भिंतीवर किंवा मलमलीच्या कडेला बसते आणि पुढे पंख पसरायला जागा कमी पडते. रोपावरची अळी या वेळी रोप सोडून जाते. तिचा कोष कुंडीच्या कडेला, ग्रिलवर, कधी चपलांच्या स्टँडमागे सापडतो. दिसला नाही म्हणून गेला असं नाही.

काडीवर बसल्यावर ती आधी शेपटाकडे रेशमाची गादी विणते. मग डोकं मागे वाकवून अंगाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला, पुन्हा परत, असा एकेक धागा टाकत जाते. पुरेसे पदर झाले की त्या वळाखालून डोकं काढून मागे रेलते. कमरेला दोर बांधून विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनसारखी ती आता दोरावर तोलून असते. साधारण एक दिवस ती अशी आक्रसून बसते, मग कातडी पाठीवर फाटते, वळवळत वळवळत शेपटाकडे ढकलली जाते आणि आतून कोष निघतो. सगळं दहा-पंधरा मिनिटांत संपतं. ओला कोष मऊ असतो, त्या दिवशी डबा हलवूही नका.

कोष हिरवा असेल किंवा तपकिरी. ज्यावर बसला त्या पृष्ठभागाचा त्यात मोठा वाटा असतो, खरखरीत वाळक्या काडीवर बहुधा तपकिरी. दोन्ही निरोगीच.

धागा तुटून कोष पडला तर घाबरू नका, पण तळाशी आडवाही ठेवू नका. तसा ठेवला तर फुलपाखराला चढायला काही मिळत नाही आणि पंख दुमडलेलेच वाळतात. जाड कागदाचा लहान कोन करा, त्यात कोष डोकं वर करून अलगद ठेवा, कोन काडीला सेलोटेपने चिकटवा. कोषाला टेप किंवा गोंद लागता कामा नये. कोन एवढाच खोल करा की कोषाचा वरचा अर्धा भाग बाहेर राहील.

आठ ते बारा दिवस लागतात, थंडीत हा काळ बराच लांबतो. जानेवारीतला कोष तीन आठवडे झाले म्हणून फेकू नका. वजनदार आणि लवचीक असेल तर तो जिवंत आहे. हलका, कडक आणि पोकळ झाला असेल तर गेला. त्यावर टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसलं तर आतून बारीक गांधीलमाश्या निघून गेल्या आहेत. या माश्या अळी कोषात जाते त्याच दिवशी, कातडी मऊ असताना, तिच्यात अंडी घालतात. म्हणून बाहेरच्या रोपावरून मोठी अळी आत आणायची असेल तर ती फिरू लागायच्या आधी आणा. कोषातून किंवा मोठ्या अळीतून पांढरट किडे बाहेर पडले तर ते टॅकिनिड माशीचे. दोन्ही निसर्गातले नेहमीचे व्यवहार आहेत. फवारणीने ते थांबत नाहीत, मलमलीने थांबतात.

बाहेर येणं आणि सोडणं

आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि पंखांची नक्षी पातळ भिंतीतून दिसू लागते. त्या रात्री डब्यातली पानं काढून टाका, फक्त काडी ठेवा. फुलपाखरू बहुधा सकाळी निघतं. पंख त्या वेळी चुरगळलेले, जाड, ओले असतात. ते लगेच वर चढून उलटं लटकतं आणि अंगातला द्रव पंखांच्या नसांत ढकलतं. पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण उलगडतात, पण वाळायला दोन-तीन तास लागतात. या वेळात टिश्यूवर तांबूस थेंब पडतो. ते रक्त नाही, कोषात साठलेला मळ आहे. सोंडही अजून दोन वेगळ्या धाग्यांसारखी असते. ती गुंडाळत-उलगडत ते फुलपाखरू दोन्ही भाग जोडून एक नळी करतं.

पंख आकसलेले राहिले तर कारण यांपैकीच असतं: खाली जागा कमी पडली, चढायला पृष्ठभाग गुळगुळीत होता, हवा फार कोरडी होती (एसी), किंवा अळी आजारी होती. वाळलेला पंख नंतर सरळ होत नाही. असं फुलपाखरू फुलांच्या कुंडीत ठेवलं तर काही दिवस मध पीत जगतं.

सोडायला डबा बाल्कनीत न्या, मलमल काढा आणि थांबा. ते आपण होऊन बोटावर चढलं तर ठीक, पंख चिमटीत धरायचे नाहीत. पंखांचा सगळा रंग छतावरच्या कौलांसारख्या रचलेल्या बारीक खवल्यांचा असतो. चिमटीत धरलं की बोटांना लागते ती पूड म्हणजे हे खवले, आणि गेलेले खवले परत येत नाहीत. पाऊस धो धो पडत असेल तर एक दिवस थांबवायला हरकत नाही. पहिल्या दिवशी त्याला खाणं लागतच नाही. दुसऱ्या दिवशीही पाऊस असेल तर एक भाग साखर आणि दहा भाग पाणी, त्यात भिजवलेला कापूस समोर ठेवा.

कढीपत्त्यानंतर

एकदा हे जमलं की बाकीची झाडं सोपी आहेत, फक्त माहीत असावी लागतात.

रुई: प्लेन टायगर. अळी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. कोष उलटा टांगलेला. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून पान तोडल्यावर हात धुवायचेच. कण्हेरावर कॉमन क्रो येतं आणि त्याचा कोष आरशासारखा चकचकीत असतो. कण्हेरही विषारी आहे, घरात रांगतं मूल असेल तर ही दोन झाडं खालच्या बागेतच बरी. कृष्णकमळाच्या वेलावर काटेरी, विटकरी अळ्या घोळक्याने दिसल्या तर त्या टॉनी कोस्टरच्या. त्या वेल पार बोडका करतात, पण वेल पुन्हा फुटतो. सीताफळ आणि सोसायटीच्या कुंपणाला रांगेने लावलेला उंच, सरळसोट खोटा अशोक: टेलड जे. बहावा: कॉमन एमिग्रंट. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर पिसांसारखे काटे पसरून चपटी बसलेली हिरवी अळी बॅरनची, ती शोधायलाच अर्धा तास लागतो. आणि लॉबीबाहेर शोभेला ठेवलेल्या अरेका पामवर पामफ्लाय वाढतं, हे सोसायटीच्या माळ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

केसाळ सुरवंट मात्र बहुतेक पतंगांचे असतात. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणाऱ्यांना हात लावला की अंगाला खाज सुटते. लिंबाच्या पानात चांदीसारखी नागमोडी रेघ दिसते तीही एका बारीक पतंगाच्या अळीची, तिच्यातून फुलपाखराची वाट बघू नका.

नरांना मधाबरोबर क्षारही लागतात. पसरट मातीच्या थाळीत बागेची माती आणि वाळू भरून त्यात चिमूटभर मीठ मिसळा आणि पाणी शिंपडून नुसती ओलसर ठेवा. पाणी वर तरंगता कामा नये, पुन्हा डासांचाच प्रश्न. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे याचा उपयोग जास्त. बॅरन आणि इव्हनिंग ब्राउनसारखी फुलपाखरं फुलांकडे फारशी ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना सडायला आलेलं केळं किंवा अननसाची साल ठेवा.

झाडं आणि अळ्या एकत्र बघून शिकायच्या असतील तर घोडबंदर रोडवर ओवळे गावात ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे, रविवारी सकाळी जाता येतं. पावसानंतरचे सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने सर्वांत चांगले. येऊरला जाल तर बघून, फोटो काढून या. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथून अंडं, अळी, कोष किंवा पानसुद्धा उचलता येत नाही. आपल्या कुंडीवर बाहेरून आणलेली अंडी लागतही नाहीत. पालवी कोवळी असली आणि फवारणी नसली की मादी झाड शोधून काढते. जूनमध्ये छाटलेल्या रोपाकडे जुलैच्या पहिल्या उघडिपीपासून रोज सकाळी बघायला लागा, शेंड्याकडची तीन-चार कोवळी पानं आधी.